स्विफ्टच्या रेसकारला ॲक्सल कोणता घालावा: नवा, रिकंडिशन, भंगारातला की लेथवरचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲक्सल म्हणजे गिअरबॉक्सकडून पुढच्या चाकाकडे टॉर्क (फिरवण्याचा जोर) नेणारा शाफ्ट आणि त्याच्या दोन टोकांचे जॉइंट. पेट्रोल १.२ स्विफ्ट, आतून रिकामी करून हलकी केलेली, ४० मिमी खाली बसवलेली, सेमी-स्लिक (कमी खाचांचे, चिकट) टायर. इरुंगट्टुकोट्टई (चेन्नईजवळचा ट्रॅक) आणि कोइम्बतूर मिळून वर्षाला पाच-सहा वीकेंड. एका सीझनमध्ये चाकाकडचे दोन आऊटर जॉइंट गेले आणि डावा शाफ्ट स्टार्टलाच तुटला. पुढच्या वर्षी प्लेटवाला एलएसडी (लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल, एक चाक घसरले तरी दुसऱ्याला टॉर्क देणारा) बसवायचा विचार आहे. खिसा मर्यादित आहे. पर्याय समोर आहेत: कंपनीचा नवा ॲक्सल, बाजारातला स्वस्त नवा, रिकंडिशन केलेला, भंगारातला, किंवा ईएन-२४ या पोलादातून लेथवर बनवून घेतलेला.

उत्तर आधी सांगून टाकतो. भंगारातला, पण मूळ कंपनीचा आणि आतापर्यंत न उघडलेला ॲक्सल. तो घरी उघडून धुवायचा, तपासायचा, नवे बूट (जॉइंटवरची रबरी आवरणे) आणि योग्य ग्रीस घालून परत बांधायचा. असे प्रत्येक बाजूचे दोन संच ठेवायचे. जॉइंट खराब निघाला तर त्या मूळ शाफ्टवर चांगल्या ब्रँडचा नवा आऊटर किट. स्वस्त नवी असेंब्ली आणि रिकंडिशन हे दोन्ही पर्याय यादीतून काढून टाका. ईएन-२४ बद्दल पुढे बोलू. पण यातला एकही पर्याय निवडण्याआधी जुने का गेले ते बघायला हवे, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

ॲक्सलवर ताण किती येतो ते आधी पाहू. इंजिनचा टॉर्क ११५ न्यूटन-मीटरच्या आसपास, पहिला गिअर साधारण साडेतीनचा, फायनल ड्राइव्ह साधारण ४.३. गुणाकार केला तर १,७३० न्यूटन-मीटर, म्हणजे साध्या डिफमध्ये (दोन चाकांना टॉर्क वाटणाऱ्या डिफरेन्शियलमध्ये) एका ॲक्सलला ८६५. दुसऱ्या गिअरमध्ये हाच आकडा ४७० च्या घरात येतो. शाफ्टला हे जड नाही, रस्त्यावरची गाडी ते रोज सोसते. मोडतो तो झटका. स्टार्टला ६,००० वर क्लच सोडला की फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा एका क्षणात शाफ्टवर येते आणि तो क्षणिक टॉर्क गणितातल्या आकड्याच्या दुप्पट सहज होतो. टायर जितका चिकट, तितकी ही ऊर्जा टायरच्या घसरण्यात कमी आणि शाफ्टच्या पिळण्यात जास्त जाते. दुसरा झटका कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, बसतो. आतले चाक हवेत उचलले जाते, मोकळे फिरते आणि वेगात असतानाच परत डांबराला चावते. तिसरा व्हील-हॉप, म्हणजे स्टार्टला पुढची चाके टपटप उड्या मारतात ते. व्हील-हॉप होत असेल तर ॲक्सल विकत घेऊ नका, आधी इंजिन माउंट (इंजिन धरणारे रबरी आधार) आणि लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश बदला. फाटलेल्या माउंटवर इंजिन दर वेळी मागेपुढे डोलते आणि गिअरबॉक्सकडच्या इनर जॉइंटचा कोन त्याच्याबरोबर बदलत राहतो.

तुटलेला शाफ्ट टाकून दिला नसेल तर त्याचे तोंड बघा. तुटलेला पृष्ठभाग शाफ्टला काटकोनात, सपाट आणि पीळ पडल्यासारखा गुळगुळीत असेल, शेजारचे दाते वळलेले असतील, तर एका झटक्यात क्षमतेबाहेर ताण आला. म्हणजे स्टार्टची पद्धत बदलायची. तोंड ४५ अंशांत तिरके, खडूचा तुकडा पिळून मोडल्यासारखे असेल तर धातू ठिसूळ होता किंवा तडा बरेच दिवस वाढत होता. तोंडावर शिंपल्यावर असतात तशा अर्धवर्तुळाकार रेघा दिसल्या तर त्या जिथून सुरू होतात तिथे बोट ठेवा. तिथे हमखास गंजाचा खड्डा, वेल्डिंगचा छर्रा पडल्याचा डाग किंवा क्लॅम्प कापताना कटर लागल्याचा ओरखडा सापडतो. शेवटचे कारण फार जास्त वेळा दिसते. बूट कापताना हॅक्सॉ शाफ्टला लागू देऊ नका.

आता जॉइंट. आऊटर हा सहा छर्ऱ्यांचा, स्टिअरिंगबरोबर ४५ अंशांच्या वर वळू शकणारा. इनर हा तीन रोलरचा ट्रायपॉड, जो वळतो कमी पण लांबी कमी-जास्त होऊ देतो. आऊटरमधली उष्णता तीन गोष्टींनी वाढते: टॉर्क, फेरे आणि कोन. जॉइंट सरळ असेल तर छर्रे आपापल्या खोबणीत जवळजवळ स्थिर असतात. कोन आला की प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक छर्रा खोबणीत पुढेमागे घासतो. ताशी १५० किमीला चाक मिनिटाला सुमारे १,३७० फेरे घेते, म्हणजे तितक्या वेळा घासणे. गाडी ४० मिमी खाली केली की दोन जॉइंटमधले अंतर ३५० मिमी असलेल्या बाजूला शाफ्टचा कोन साडेसहा अंशांनी बदलतो. अंतर ६०० मिमी असेल तर चार अंशांहून कमी. म्हणून खाली बसवलेल्या गाडीत आखूड बाजूचा ॲक्सल आधी बोलू लागतो.

मूळ उंचीला शाफ्ट चाकाकडे किंचित उतरता असेल तर थोडे खाली करणे जॉइंटला फायद्याचे ठरते, कारण तो आडवा येतो. फार खाली केले की तो उलट्या बाजूला चढतो. गाडी सपाट फरशीवर, ड्रायव्हर आत बसवून, शाफ्टवर मोबाइलमधले कोनमापक ठेवा. दोन्ही बाजूंना आडव्यापासून पाच अंशांच्या आत ठेवायचे धोरण ठेवा. त्यासाठी पुढची उंची १० मिमी वाढवावी लागली तर वाढवा. लॅपटाइममध्ये फार तर किंचित फरक पडेल, जॉइंटच्या आयुष्यात मोठा पडतो.

खाली केलेल्या गाडीत दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही: इनर जॉइंट तळाला टेकणे. ते तपासायची पद्धत अशी. स्ट्रटमधून (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबातून) स्प्रिंग काढा आणि स्ट्रट परत बसवा. इनरच्या बुटाचा मोठा क्लॅम्प सोडा, बूट मागे सरकवा, मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती कपच्या (रोलर ज्यात सरकतात त्या वाटीच्या) तळाशी लिंबाएवढी दाबून बसवा, जॉइंट परत आत ढकला. आता लोअर आर्मखाली जॅक लावून चाक वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत फिरवा. स्टिअरिंग सरळ, मग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुन्हा तेच. बाहेर काढून मातीचा सर्वात पातळ थर मोजा. पाच मिमीपेक्षा कमी राहिला असेल तर कर्बवर शाफ्ट गिअरबॉक्सला ठोसे मारतो आहे. त्याने सर्क्लिप (शाफ्ट आत अडकवून ठेवणारी कडी) तुटतो, ऑइल सील गळते, पुढे डिफच्या बेअरिंगवर येते. खालच्या टोकाला रोलर कपच्या ओठापासून किती आत राहतात तेही बघा, तिथेही तेवढीच शिल्लक हवी. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) वाढवण्यासाठी लोअर आर्म बाहेर सरकवला असेल तर ही दुसरी बाजू धोक्याची.

एवढे झाल्यावर खरेदी. नाना पेठ, कुर्ला, चेन्नईचे पुदुपेट, दिल्लीचे मायापुरी, कुठेही जा. सोबत व्हर्नियर, मोजपट्टी, पांढरा मार्कर आणि तुमचा जुना ॲक्सल घेऊन जा. हबकडचे दाते मोजा, गिअरबॉक्सकडचे दाते मोजा, टोकाच्या दांड्याचा व्यास, नटाचे आटे आणि पूर्ण लांबी जुळवा. तुमच्या मॉडेलमध्ये एबीएसची दातेरी रिंग जॉइंटवर असेल तर तीही. स्विफ्टच्या पिढ्या बदलल्या, गिअरबॉक्स बदलले. दुकानदार ‘सगळ्यांना एकच लागतो’ म्हणाला तरी मोजल्याशिवाय पैसे काढू नका.

ॲक्सल आधी उघडला गेला आहे की नाही हे क्लॅम्प सांगतो. कारखान्यातून आलेला क्लॅम्प सपाट पट्टीचा, एकसारखा दाबलेला, त्यावर वर्षानुवर्षांची धूळ ग्रीसशिवाय बसलेली असते. स्क्रूवाला क्लॅम्प, प्लास्टिकची झिप-टाय किंवा तार दिसली की तो बूट कधीतरी फाटून बदलला गेला आहे. फाटलेल्या अवस्थेत तो किती महिने धूळ खात फिरला ते कोणालाच माहीत नसते. बूट फाटलेला माल स्वस्त मिळतो, सोडून द्या. शाफ्टचा उघडा भाग पोलिश पेपरने घासून बघा. वरवरचा तांबूस गंज चालतो, नखाला लागेल असा खड्डा चालत नाही. आऊटर पूर्ण वळवून हाताने फिरवा: कुठे अडकतो का, एखाद्या जागी ‘पडतो’ का. मग शाफ्ट धरून जॉइंट दोन्ही दिशांना झटक्याने पिळा. हाताला टक् असा मोकळेपणा जाणवला तर खोबण्या झिजल्या आहेत. अपघाताच्या गाडीतला असण्याची शक्यता असतेच, म्हणून घरी आल्यावर लेथच्या सेंटरवर फिरवून डायल गेज लावा. मधोमध अर्धा मिमीपेक्षा जास्त डोल असेल तर परत करा. ही अट पैसे देतानाच बोलून घ्यायची.

स्वस्त नवी असेंब्ली का नको? बाहेरून ती चकाचक असते. पण मूळ शाफ्ट इंडक्शन हार्डनिंग केलेला असतो: पृष्ठभाग कडक, गाभा चिवट. जॉइंटच्या खोबण्याही तशाच. स्वस्त मालात हे हार्डनिंग उथळ किंवा असमान असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. शहरात अशा ॲक्सलला वर्ष निघते, ट्रॅकवर दोन सत्रांत खोबणीत छर्ऱ्यांचे ठसे उमटतात. शिवाय लांबीत दोन-तीन मिमीचा फरक सर्रास असतो आणि वर पाहिलेला पाच मिमीचा हिशोब तिथेच बिघडतो. नवीन घ्यायचाच असेल तर मूळ कंपनीचा, किंवा कार कंपन्यांना प्रत्यक्ष पुरवठा करणाऱ्यांचा घ्या, उदाहरणार्थ जीकेएन किंवा एनटीएन. पॅकिंगची नक्कलही होते, बिल देणाऱ्या डीलरकडूनच घ्या.

रिकंडिशनमध्ये झिजलेल्या खोबण्या घासून गुळगुळीत करतात आणि मोठ्या मापाचे छर्रे घालतात. पहिल्या दिवशी खेळ शून्य. पण घासताना कडक थराचा भाग निघून गेलेला असतो, आणि उरलेल्या पातळ थराखाली मऊ धातू आहे. टॅक्सीला ठीक.

ईएन-२४ चा शाफ्ट मात्र नीट विचार करून घ्यावा असा पर्याय आहे. चांगले मिश्र पोलाद आहे, पुणे, कोइम्बतूर, राजकोट इथे बनवून देणारे आहेत. अडचण पोलादाची नसते. दाते जिथे संपतात तिथे तीक्ष्ण कोपरा सोडला, हार्डनिंगनंतर शाफ्ट सरळ केला नाही, सर्क्लिपची खाच खोल गेली, की महागडे पोलाद मूळ शाफ्टच्या आधी तुटते. बनवायचाच असेल तर दात्यांच्या तळापेक्षा शाफ्टचा मधला भाग किंचित बारीक आणि उतार गोलाईचा ठेवायला सांगा, म्हणजे पीळ पूर्ण लांबीत वाटला जातो. इंडक्शन हार्डनिंग किती खोल केले ते लिहून घ्या. ईएन-८ या साध्या पोलादातून ‘तसाच’ बनवतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार. आणि शाफ्ट वेल्ड करून लांब किंवा आखूड करणे, हे कोणी सुचवले तर दुकान बदला. शाफ्ट कितीही मजबूत केला तरी जॉइंट तेच राहतात. शाफ्ट तुटत नाही म्हटल्यावर पुढची कमकुवत जागा आऊटरची केज, म्हणजे छर्रे जागेवर धरणारी जाळी. ती फुटली की चाक अडकण्याची भीती असते. त्यामुळे १.२ पेट्रोलला ईएन-२४ ची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाडीचा एक हिशोब मात्र लक्षात ठेवा. शाफ्टची पिळण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २२ ऐवजी २४ मिमी म्हणजे दोनच मिमी, पण ताकद ३० टक्के जास्त. म्हणूनच डिझेल स्विफ्टचा, १९० न्यूटन-मीटरच्या इंजिनाचा ॲक्सल पेट्रोलला घालायची कल्पना दर काही महिन्यांनी निघते. गिअरबॉक्सकडचे दाते, हब आणि लांबी तिन्ही जुळल्याशिवाय त्यात हात घालू नका. आणि तुमच्या क्लासच्या एफएमएससीआयच्या (भारतातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या) तांत्रिक नियमांत दुसऱ्या मॉडेलचा ॲक्सल चालतो का ते आधी वाचा. स्क्रुटिनीला (शर्यतीआधीच्या तपासणीला) गाडी अडली तर प्रवेश शुल्क वाया जाऊ शकते.

एलएसडी बसवल्यावर चित्र बदलते. साध्या डिफमध्ये दोन्ही ॲक्सलना जवळपास सारखा टॉर्क जातो आणि आतले चाक घसरले की दोघांचाही ताण उतरतो. एक प्रकारे ते फ्यूजच असते. एलएसडी हा फ्यूज काढून टाकतो. वळणातून बाहेर पडताना बाहेरच्या ॲक्सलला पाऊण हिस्सा जाऊ शकतो, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये १,३०० न्यूटन-मीटरच्या आसपास. घड्याळाच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर हा भार डाव्या ॲक्सलला जास्त. म्हणून एलएसडीनंतर डाव्या बाजूला सर्वात चांगला संच ठेवा आणि पहिल्या गिअरची वळणे दुसऱ्यात घेता येतात का बघा.

आता बांधणी, कारण चांगला ॲक्सल इथेच वाया जातो. शाफ्ट व्हाइसमध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून धरा. आऊटर काढताना पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) आतल्या रेसवर (छर्ऱ्यांच्या आतल्या कडीवर) टेकवून एक ठोस ठोका द्या. केजवर कधीही नाही. जॉइंट आणि शाफ्टवर मार्करने खूण करा. केज तिरकी करून छर्रे एकेक काढा आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा, प्रत्येक छर्रा आपल्याच खोबणीत परत जायला हवा. डिझेलमध्ये धुवा, मग ब्रेक क्लीनर, मग हवा. डिझेलचा अंश राहिला तर नवे ग्रीस पातळ होते. खोबणीवरून नख फिरवा. चकचकीत पट्टा ठीक, नख अडकले तर जॉइंट बाद. केजच्या खिडक्यांचे कोपरे भिंगाखाली बघा, केसासारखा तडा तिथेच सुरू होतो. निळसर-जांभळा रंग दिसला तर जॉइंट तापून मऊ झाला आहे, तोही बाद.

ग्रीस फक्त सीव्ही जॉइंटचे (या प्रकारच्या जॉइंटसाठीचे), काळे मॉलीवाले (मॉलिब्डेनम असलेले). चाकाच्या बेअरिंगचे लाल ग्रीस नको. ट्रायपॉडला किटमधले वेगळे ग्रीस आले असेल तर तेच. लिथियम आणि पॉलियुरिया एकमेकांत मिसळू नका, म्हणून आधीचे पूर्ण धुवायचे. प्रमाण किटच्या पाकिटावर असते. साधारण आऊटरला ८० ते १०० ग्रॅम, इनरला १०० ते १३०. जास्त भरले तर उष्णता बाहेर पडत नाही आणि बूट फुगतो. आऊटरमध्ये बहुतेक ग्रीस छर्ऱ्यांमध्ये बोटाने दाबून भरा, उरलेले बुटात. क्लॅम्प आवळण्याआधी जॉइंट त्याच्या बसलेल्या लांबीला आणा, बुटाच्या तोंडात बारीक बोथट स्क्रूड्रायव्हर घालून अडकलेली हवा सोडा. क्लॅम्प कानवाला आणि त्याच्याच पकडीने दाबलेला. झिप-टाय ट्रॅकवर सुटते आणि सुटलेले ग्रीस एक्झॉस्टवर पडले की धूर, कधी आग. इनर एक्झॉस्टजवळ असेल तर मध्ये पातळ ॲल्युमिनियमची ढाल लावा. आऊटरच्या कपवर रंग बदलणारी तापमानाची पट्टी चिकटवा. साध्या लिथियम ग्रीसची कामाची मर्यादा १२०-१३० अंश सेल्सियसच्या घरात असते. पट्टी १२० च्या पुढे गेली तर आणखी ग्रीस घालून उपयोग नाही, कोन कमी करा.

हब नट नेहमी नवा, टॉर्क तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला, अंदाजाने पाइप लावून नाही. हा नट चाकाचे बेअरिंगही दाबून ठेवतो. ढिला राहिला तर ॲक्सलऐवजी बेअरिंग जाते आणि दोष ॲक्सलवर येतो. शेवटचा टॉर्क बसेपर्यंत त्या चाकावर गाडीचे वजन टाकू नका. त्याच कारणाने, ॲक्सल काढल्यावर आऊटरशिवाय गाडी ढकलून हलवू नका. इनर आत बसला की सर्क्लिपचा टिक् ऐकू येतो. खात्रीसाठी इनरचा कप धरून ओढा, शाफ्ट धरून नको. नाहीतर ट्रायपॉड कपमधून बाहेर येतो आणि सगळे परत उघडावे लागते.

आयुष्य वाढवायची एक जुनी युक्ती: दोन्ही बाजूंचे आऊटर सारखेच असतील तर अर्ध्या सीझनला डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे टाका. पुढे जाताना छर्रे खोबणीच्या एकाच भिंतीवर दाबतात, बाजू बदलली की न वापरलेली भिंत कामाला लागते. हे कट-कट आवाज सुरू होण्याआधी करायचे. आवाज आल्यावर केलेली अदलाबदल दोन वीकेंडही टिकत नाही.

तीन वीकेंडला एकदा उघडून तपासणी, सीझनला नवे बूट. प्रत्येक जॉइंटवर इलेक्ट्रिक पेनने क्रमांक कोरा, पण कपच्या बाहेरच्या कडेवर, शाफ्टवर नाही. वहीत त्या क्रमांकापुढे तास आणि पट्टीचे तापमान लिहीत जा. ट्रॅकवर न्यायच्या पेटीत प्रत्येक बाजूचा बांधून तयार ॲक्सल, दोन हब नट, चार सर्क्लिप, दोन ऑइल सील, क्लॅम्प आणि दोन लिटर गिअर ऑइल. ॲक्सल ओढला की ऑइल जमिनीवर येते, म्हणून आधी ड्रेन करा किंवा ती बाजू जॅकने उंच घ्या, नाहीतर पिट लेन पुसत बसावे लागते आणि पुढचे सत्र सुरू होऊन गेलेले असते.